फलकावरचं अस्वल

स्वयंपाकघरातल्या फळ्यांवरचे कागद बदलायचे, एवढंच काम होतं. अप्पांच्या बायकोने ते सकाळी चहा देतानाच सांगितलं होतं आणि वर "वाचत बसू नका" अशी पुरवणीही जोडली होती. ती पुरवणी अप्पांना लागली. सगळी नोकरी टपालखात्यात काढलेल्या माणसाला कागद कसा हाताळायचा हे शिकवायचं? लाखो लोकांची पत्रं या हातांखालून गेली, पण अप्पांनी एकही वाचलं नाही. पोस्टकार्डं वाचली, पण ती उघडीच असतात, त्याला इलाज नाही.

तर अप्पांनी डबे खाली उतरवले, फळी पुसली आणि सर्वात वरच्या फळीवरचा पिवळा पडलेला कागद सोलून काढला. ते वर्तमानपत्राचं पहिलं पान होतं. अप्पांनी सवयीने तारीख बघितली आणि स्टुलावरच बसले. तारीख आजचीच होती. महिनाही हाच. फक्त साल तीस वर्षांपूर्वीचं.

आता अशा वेळी कोणता सुजाण नागरिक वाचल्याशिवाय राहील?

"'बटाटे कडाडले! गृहिणी हवालदिल,'" अप्पांनी मोठ्याने वाचलं. "ऐकतेस का? 'संगणकामुळे कागदाचा वापर लवकरच संपुष्टात, तज्ज्ञांचे मत.' हा तज्ज्ञ आता कुठे असेल गं? 'मागेल त्याला टेलिफोन. योजना अंतिम टप्प्यात.' 'नाट्यगृहाचे छप्पर गळके. प्रेक्षकांनी छत्र्या उघडल्याने मागच्यांची गैरसोय.' हा हा! आणि हे बघ, 'प्राणिसंग्रहालयातून अस्वल फरार. नागरिकांनी सतर्क राहावे.'"

"अहो, तो कागद घालायचाय, वाचायचा नाहीये."

"हा जुना आहे. हा काढायचाय."

"मग काढा आणि टाका."

बायकोचा हा कोरडेपणा अप्पांच्या ओळखीचा होता, पण आज तो त्यांना एकट्याच्या अंगावर घ्यावासा वाटेना. एवढी गंमत आणि ऐकायला कोणी नाही! आणि मग त्यांना फलक आठवला.

इमारतीच्या खालच्या दारापाशी एक काळा फलक होता आणि त्याचे प्रमुख अप्पा होते. हे पद सेक्रेटरींनी खास त्यांच्यासाठी निर्माण केलं होतं, कारण कमिटीच्या प्रत्येक बैठकीत अप्पा प्रत्येक विषयावर बोलत. पद मिळाल्यावर ते फक्त फलकाच्या विषयावर बोलू लागले, त्यामुळे बैठका निम्म्या वेळात आटोपू लागल्या. फलकावर लिहिण्यासारखं मात्र काही नसे. अप्पांचं अक्षर टपोरं, वळणदार, पाहत राहावं असं. ते तिथे 'शुभ सकाळ' लिहिण्यात झिजत होतं.

अप्पा खडूंचा डबा घेऊन खाली गेले. सगळ्यात वर, पिवळ्या खडूने: 'आजच्या ठळक बातम्या'. त्याखाली, लाल खडूने: 'तीस वर्षांपूर्वीच्या!' उद्गारचिन्हाला त्यांनी दोनदा गिरवलं. मग बातम्या. बटाटे, टेलिफोन, अस्वल. आणि सर्वात शेवटी, जागा उरली म्हणून, पानाच्या कोपऱ्यातली एक किरकोळ बातमी: 'दुरुस्तीमुळे शहराचा पाणीपुरवठा उद्या दिवसभर बंद. नागरिकांनी साठा करून ठेवावा.'

चार पावलं मागे सरून त्यांनी ते सगळं डोळे भरून पाहिलं. छान दिसत होतं. समाधानाने ते वर गेले आणि उरलेल्या फळ्यांना कोरे कागद घालू लागले. बायकोने विश्वास उडाल्यामुळे छापील कागद काढून घेतले होते.

इकडे सेक्रेटरी कामाला जायला निघाले. त्यांच्या पिशवीत 'जिन्यात सायकली ठेवू नयेत' अशी सूचना तयार होती. सेक्रेटरी अतिशय व्यवस्थित माणूस. सूचना नेहमी डोळ्यांच्या पातळीला लावावी, असा त्यांचा सिद्धांत होता. त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला नेमकी लाल खडूची ओळ होती. त्यांनी सूचना तिथे चिकटवली, चारी कोपरे अंगठ्याने दाबले आणि बस चुकू नये म्हणून बाकी काही न वाचता निघून गेले.

मग इमारत जागी होऊन कामाधंद्याला निघाली, आणि जाता-येता प्रत्येकाने वाचलं: आजच्या ठळक बातम्या. जिन्यात सायकली ठेवू नयेत. अस्वल फरार. उद्या पाणी बंद.

दुपारी अप्पांची बायको खालून धापा टाकत आली; निवडायला घेतलेली कोथिंबीर घरात तशीच पडली होती. ती खाली कधी गेली होती हे अप्पांना कळलंच नव्हतं.

"अहो, उठा! उद्या दिवसभर पाणी नाही!"

"कोण म्हणालं?"

"पहिल्या मजल्यावरच्या वकीलबाई म्हणाल्या. त्या आंघोळीचा टबसुद्धा भरून बसल्यात. त्या कशाला खोटं बोलतील?"

इथे कोणत्याही सामान्य माणसाला शंका आली असती. अप्पा सामान्य नव्हते. त्यांचे डोळे चमकले. "काय योगायोग आहे!" ते म्हणाले. "तीस वर्षांपूर्वी अगदी उद्याच्याच तारखेला पाणी बंद होणार होतं! आजच सकाळी वाचलं मी. इतिहास स्वतःला परत परत—"

"इतिहास राहू द्या, पिंप धरा!"

मग अप्पांच्या घरात जे पाणी भरलं गेलं त्याला तोड नाही. पिंप झालं, बादल्या झाल्या, पातेली झाली. कुकर झाला. पाहुण्यांसाठी ठेवलेला काचेचा जग झाला. शेवटी बायकोने फुलदाणी पुढे केली तेव्हा अप्पा म्हणाले, "अगं, एवढ्याने काय होणार?" त्यावर ती म्हणाली, "चूळ भरायला होईल." भिंतीपलीकडून, वरून, खालून, सगळीकडून नळांचा धो धो आवाज येत होता. जावयाचा दुसऱ्या शहरातून फोन आला. तो म्हणाला, "तुमच्याकडे पाणी बंद आहे म्हणे. आमच्या ग्रुपवर आलंय. खात्रीची बातमी आहे, कोणीतरी थेट तुमच्याच इमारतीतून पाठवलीय." बाहेरगावच्या माणसाला कळलं म्हटल्यावर अप्पांच्या मनात काही संशय उरलाच असेल तर तोही धुऊन निघाला.

आणि त्याची जागा संतापाने घेतली. आदल्या दिवशी सांगतात? ही काय पद्धत झाली? अप्पांनी पाणीपुरवठा खात्याला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी सांगितलं की अशी काही सूचना त्यांच्याकडे नाही.

"तुमच्याकडे नाही आणि सगळ्या शहराकडे आहे!" अप्पा कडाडले. "कारभार आहे का काय आहे?"

"थांबा हं, विचारते." फोनवर बराच वेळ सनईची धून वाजली. मग एक पुरुषी आवाज आला, "हे बघा, आदेश अजून आलेला नाही. आला तर बंद ठेवूच आम्ही. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी का सांगेना! तक्रार लिहून घ्या. माझं पूर्ण नाव लिहा. इमारतीचा पत्ता लिहा. आणि तुमच्यापैकी कोणीतरी जबाबदार माणूस इथे येऊन खुलासा करायला हवा!"

फोन ठेवल्यावर अप्पांची छाती दोन बोटं पुढे आली होती. खात्याला असं कोणीतरी खडसवायलाच हवं होतं. ही गोष्ट सांगताना बायको नेहमी या ठिकाणी थांबते आणि अप्पांकडे बघते. आपणही क्षणभर थांबू या.

संध्याकाळ व्हायच्या आत गच्चीवरची टाकी कोरडी पडली. कुठूनतरी पाईप गुरगुरल्याचा आवाज आला आणि सगळे नळ बंद झाले. लोक जिन्यात जमले. प्रत्येकाच्या घरात तळं साठलेलं आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दुष्काळ.

सर्वात वरच्या मजल्यावर शिवणकाम करणारी एक बाई राहत असे, म्हाताऱ्या वडिलांना घेऊन. ती रिकामी बादली घेऊन खाली आली. तिच्या नळाला एरवीही करंगळीएवढी धार यायची. तिचं घर टाकीच्या अगदी खाली असूनही असं का, हे कोणाला कधी कळलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर कोणी विचारलंही नव्हतं. आज सगळ्यांनी एकदम नळ सोडल्यावर ती करंगळीसुद्धा आटली होती.

"कोणी एक बादली द्याल का?" ती म्हणाली. "बाबांचं अंग पुसायचंय."

वकीलबाई म्हणाल्या, "दिली असती गं, पण उद्याचं काय ते कळल्याशिवाय..." कोणीतरी सल्ला दिला की विकतच्या बाटल्या मिळतात. दुसऱ्याने सल्ला दिला की बाटल्यांपेक्षा कॅन परवडतो. सल्ले भरपूर होते. सल्ल्यांनी बादली भरत असती तर ती ओसंडून वाहिली असती.

अप्पांना ते ऐकवेना. ते घरात गेले, दोन भरलेल्या बादल्या उचलल्या. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती फुलदाणीही त्यांच्या काखेत अडकवायला निघाली, तेव्हा ते म्हणाले, "ती राहू दे."

वर पोहोचेपर्यंत अप्पांचा श्वास खालच्याच मजल्यावर राहिला होता. शिवणयंत्राशेजारी, खिडकीखालच्या पलंगावर तिचे वडील बसले होते. त्यांनी पाण्याकडे पाहून हात जोडले. अप्पांना बरं वाटलं. किती वर्षांनी आपल्या हातून कोणाचं काही नीट काम झालं, असं त्यांच्या मनात आलं.

"काका, एक विचारू?" बाई म्हणाली. "ते 'मागेल त्याला टेलिफोन' आहे ना, तो नेमका कुठे मागायचा? बाबांना ह्या नव्या फोनची काच दाबता येत नाही. जुना, गोल चकतीचा मिळाला तर ते आत्याशी बोलतील तरी. मी सकाळपासून ठरवलंय, उद्या रांगेत पहिली उभी राहते."

"कुठला टेलिफोन?" अप्पा म्हणाले.

"तुम्हीच लिहिलंय की फलकावर. आजच्या बातम्यांत."

"ती बातमी आजची नाही गं, ती तर..."

"आणि ते अस्वल?" पलंगावरून म्हातारबाबांनी खणखणीत आवाजात विचारलं. "सापडलं का?"

अप्पा मनातल्या मनात फलक वरून खाली वाचू लागले. पाणी. उद्या. दिवसभर. साठा करून ठेवावा. वकीलबाईंचा टब. जावयाचा ग्रुप. आणि, अरे देवा, माझं पूर्ण नाव लिहा!

त्यांना तिथेच सांगून टाकता आलं असतं. पण बाई इतक्या आशेने बघत होती की त्यांचा धीर झाला नाही. "चौकशी करतो," ते कसेबसे म्हणाले आणि जिना उतरू लागले. उतरता उतरता त्यांनी एक बेत आखला. बेत काही फार उदात्त नव्हता. खिशातला रुमाल भिजवायचा, फलक पुसायचा आणि उद्या सगळ्यांबरोबर आपणही म्हणायचं, काय मेल्या अफवा पसरवतात लोक!

रुमाल पहिल्या ओळीला लागतो न लागतो तोच मागून आवाज आला, "काय पुसताय?"

सेक्रेटरी कामावरून परतले होते. त्यांच्या शेजारी पाणीपुरवठा खात्याच्या ओळखपत्राची दोरी गळ्यात घातलेला एक घामाघूम गृहस्थ उभा होता. "ह्या पत्त्यावरून तक्रार आलीय," तो म्हणाला. "जबाबदार माणूस पाठवा म्हणून. दुपारपासून सगळ्या भागातून तेच विचारणारे फोन येतायत. पाणी बंद आहे असं सांगितलं कोणी?"

जिन्यातले सगळे जण एका सुरात म्हणाले, "फलकावर आहे!"

खात्याच्या साहेबांनी फलक वाचला. खालून वर वाचला. मग त्यांनी सायकलींच्या सूचनेचा एक कोपरा नखाने उचकटला आणि कागद हळूच सोलला. खालून लाल अक्षरं बाहेर आली, दोनदा गिरवलेल्या उद्गारचिन्हासकट.

सगळे अप्पांकडे वळले.

"मी लिहिलं होतं!" अप्पा म्हणाले. "स्पष्ट लिहिलं होतं! ह्यांनी त्याच्यावर सायकली लावल्या!"

"सूचना डोळ्यांच्या पातळीला लावायची असते," सेक्रेटरी म्हणाले.

"तुमची पातळीच चुकीची आहे!"

"माझी पातळी काढू नका, अप्पा!"

वकीलबाईंनी हात वर करून दोघांना थांबवलं. त्यांचं मत पडलं की लिहिणारा आणि झाकणारा सारखेच दोषी, वाचणारे निर्दोष. वाचणाऱ्यांनी हा निकाल एकमताने उचलून धरला. कोणी म्हणालं, अप्पांकडून फलक काढून घ्या. कोणी म्हणालं, खडू काढून घ्या. अप्पा भिंतीला टेकून उभे होते. इतकी वर्षं लोकांची पत्रं जिथल्या तिथे पोचवली आणि आज स्वतः लिहिलेलं एक वाक्य धड पोचवता आलं नाही, हे त्यांना सगळ्यात जास्त बोचत होतं.

साहेब मात्र हसत होते. "अहो, कसलं मनावर घेताय? उद्या पाणी आहे. आत्ताही खालच्या हौदात आहे. पंप लावला की टाकी भरेल." मग ते जरा थबकले. "पण टाकी पूर्ण रिकामी आहे म्हणता? मग भरायच्या आधी आत एकदा बघून घ्या. शेवटची कधी बघितली होती?"

सगळ्यांनी सेक्रेटरींकडे पाहिलं. सेक्रेटरींनी सायकलींच्या सूचनेकडे पाहिलं.

कोपऱ्यावरच्या प्लंबरला बोलावलं. तो, साहेब आणि अप्पा गच्चीवर गेले. अप्पांना कोणी बोलावलं नव्हतं, पण खाली थांबणं त्यांना जड जात होतं. दिवस मावळत आलेला. प्लंबर शिडीने टाकीत उतरला आणि आतून त्याचा घुमणारा आवाज आला, "अरे बाप रे बाप रे बाप रे!" गाळ गुडघ्यापर्यंत होता. तो त्यात वाकला, चाचपडला, एकदा सपशेल आपटला, आणि कशालातरी हात घालून जोर लावू लागला.

नेमक्या याच वेळी वकीलबाई काय चाललंय ते पाहायला वर आल्या. गच्चीच्या दारातून त्यांना दिसलं ते असं: संधिप्रकाशात टाकीच्या तोंडातून काहीतरी काळं, ठिबकणारं, केसाळ वाटावं असं वर येत होतं. त्याने दोन्ही पंजे काठावर ठेवले आणि ते घोगऱ्या आवाजात गुरगुरलं. खरं म्हणजे ते "शिडी धरा" असं म्हणालं होतं.

"अस्वल!" वकीलबाई किंचाळल्या आणि त्यांनी दार ओढून आतून कडी घातली.

"बाई, दार उघडा!" अप्पा दारावर थापा मारू लागले. "अस्वल नाही, प्लंबर आहे!"

"पुरावा काय?" आतून आवाज आला.

"अहो, तीस वर्षांपूर्वीचं अस्वल ते! आता असेल तरी म्हातारं असेल!"

"म्हणजे आहे!"

साहेबांनी आपलं पद सांगून पाहिलं. सेक्रेटरींनी आतून विचारलं की अस्वलाने कोणाला धरलंय का. प्लंबर चिडून म्हणाला, "मी बोलू का?" आणि तो बोलला. तो जे बोलला ते छापण्यासारखं नव्हतं, पण कोणतंही अस्वल इतकं अस्खलित बोलू शकलं नसतं. कडी निघाली.

प्लंबरच्या हातात एक जुना, वितळल्यासारखा वाकडा झालेला प्लास्टिकचा मग होता. "हा बसला होता तोंडाशी," तो म्हणाला. "ह्या पाईपच्या. हा पाईप कोणाकडे जातो?"

शिवणकामवाली बाई दाराशी उभी होती. सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. तो मग वर्षानुवर्षं तिथे होता आणि ती वर्षानुवर्षं करंगळीएवढ्या धारेखाली बादली धरून बसली होती, हे सगळ्यांना एकदमच समजलं.

अप्पांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. "टाकी धुवायला पाणी लागेल," ते म्हणाले. "आपल्याकडे पाणी आहे."

पहिली बादली अप्पांच्या बायकोने आणली. मग सेक्रेटरींनी. मग जिन्यात आपोआप रांग लागली आणि दिवसभर साठवलेलं पाणी हातोहात वर जाऊ लागलं. वकीलबाईंनी टब कसा उचलणार म्हणून त्यातलं पाणी पातेल्यांनी उपसून दिलं. मध्येच कोणाच्यातरी हातून प्लंबरच्या डोक्यावर अख्खी घागर रिकामी झाली, आणि तो पहिल्यांदाच माणसासारखा दिसू लागला. सर्वात शेवटी फुलदाणी वर आली. कोणी हसलं नाही. रांग मोडायची नव्हती.

मग पंप लागला. वरच्या मजल्यावर नळ उघडा होता. आधी त्यातून हवा आली, मग गढूळ पिचकारी, आणि मग असा काही दणक्यात लोट आला की बादली आडवी झाली. पलंगावरून म्हातारबाबा ओरडले, "नळ फुटला! बंद कर!" आणि मुलगी हसत हसत म्हणाली, "फुटला नाही बाबा, असाच असतो तो!" ओल्या कपड्यांनी दारात उभ्या असलेल्या अप्पांनी तेवढ्यात टेलिफोनचं खरं काय ते सांगून टाकलं. ती जराशी खट्टू झाली, पण म्हणाली, "असू दे काका. तुमच्या फोनवरून लावून द्या आत्याला, मी धरते त्यांच्या कानाशी." तसं त्यांनी लावून दिलं. म्हातारबाबा बहिणीशी अस्वलाबद्दल बराच वेळ बोलले. सापडलं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शहराच्या वर्तमानपत्रात, आतल्या पानावर, चार ओळींची बातमी आली: 'अफवेमुळे नागरिकांची पाण्यासाठी धावपळ. एका वृद्धाच्या गमतीने प्रशासनाची तारांबळ.'

अप्पा ती वाचून लालबुंद झाले. अफवेबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. तारांबळही मान्य होती. "पण वृद्ध?" ते म्हणाले. "दोन भरलेल्या बादल्या घेऊन वरच्या मजल्यावर गेलो मी! ह्यांना खुलासा छापायला लावतो."

बायकोने कात्री आणली, बातमी चारी बाजूंनी नीट कापली आणि आपल्या चांगल्या साड्यांच्या घडीत ठेवली.

"ती कशाला जपून ठेवतेस?"

"तीस वर्षांनी वाचून हसायला."

"तीस वर्षांनी?" अप्पांनी बोटांवर काहीतरी हिशेब केला आणि अर्ध्यावर सोडून दिला. "तेव्हा आपण असू का गं?"

"असायला हवं," कपाट लावत बायको म्हणाली. "तुम्ही मोठ्याने वाचायचं, आणि मी सांगायचं, पुरे आता."